चेहऱ्यावर चौकडी होती का

१२ फेब्रुवारी

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच. हे आपल्या दोघांबद्दल नाही, तुझ्या आजोबांबद्दल आहे. ते बरे आहेत, घाबरू नकोस. निदान परवा संध्याकाळपर्यंत बरे होते, आमच्या मालकांशी हुज्जत घालत होते.

हो, 'आमचे मालक'. मी नोकरी करतो. हसायचं तर हस. आपण परीक्षेच्या फॉर्मसाठी जिथे फोटो काढले होते तोच स्टुडिओ. मालक प्रत्येक गिऱ्हाइकाला "हसा जरा, हसा जरा" म्हणतात आणि स्वतः कधी हसत नाहीत, म्हणून अख्खी गल्ली त्यांना हसाजरा म्हणते. मी तिथे रिटचिंग करतो. लोक जुने फोटो घेऊन येतात, बुरशी चढलेले, दुमडलेले. मोठ्या कॅमेऱ्याने त्या फोटोचाच फोटो काढायचा, मग त्या निगेटिव्हवर भिंग लावून बसायचं आणि टोकदार पेन्सिलीने, ब्लेडच्या तुकड्याने एकेक डाग घालवायचा. तू मला काडेपेटी म्हणायचीस ना, ती काडेपेटी आता सात-सात तास एका स्टुलावर बसते. हसाजरा म्हणतात, "हातात सफाई आहे रे तुझ्या. डोक्यात राख नसती तर कुठल्या कुठे गेला असतास."

स्टुलाचा विषय निघाला म्हणून सांगतो. प्रयोगशाळेतलं ते स्टूल मी सरांच्या अंगावर फेकलं नव्हतं, खिडकीवर फेकलं होतं. सरांनी तुझी वही सगळ्यांसमोर भिरकावली तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. माफीनामा लिहून द्या, म्हणाले. मी कॉलेज सोडलं. तू म्हणालीस, "मी तुला भांडायला सांगितलं होतं का?" आणि दुसऱ्या गावच्या कॉलेजात निघून गेलीस. आठ महिने झाले. असो. हे आपल्याबद्दल नाही असं मीच वर लिहिलंय.

तर आजोबा. मी त्यांना लगेच ओळखलं, त्यांनी मला नाही. भेटलो होतो कुठे? तू मला फाटकाबाहेरूनच पिटाळायचीस. त्यांच्या डोळ्यांचं फार झालंय. समोरचं दिसत नाही, मान वाकडी करून कडेने बघतात, कोंबडा दाणा बघतो तसं. घरचे तुला हे कळवतात की नाही, माहीत नाही.

त्यांनी पिशवीतून तो फोटो काढला. तुमच्या कपाटाच्या काचेमागचा, तळहाताएवढा. त्यांचे दादा, वायुदलाच्या टोपीत, आणि मागे विमानाच्या पोटाचा एक तुकडा. ना पंखा, ना चाक, ना शेपूट. फ्रेममध्ये बसावा म्हणून कोणीतरी चारी बाजूंनी कापलेला आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला.

"हे विमान कुठलं ते ओळखून पाहिजे," आजोबा म्हणाले.

"आजोबा, इथे फोटो काढतात. विमानाचं गॅरेज नाही हे," हसाजरा म्हणाले.

"मी बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात फिटर होतो. पंप बघायला जायचो, तर बायका म्हणायच्या, आमची खिडकी लागत नाही. तीही लावून द्यायचो."

मग त्यांनी एक सरकारी पत्र मला वाचायला दिलं. तुला घरून कळलं असेल, नसेल तर थोडक्यात: एका धरणाचं पाणी यंदा तळाला गेलं आणि गाळात दुसऱ्या महायुद्धातलं एक बॉम्बफेकी विमान सापडलं. आत पाच जणांची हाडं. त्यांना पुरून वर दगड बसवणार आहेत, दगडावर नावं. चार नावं कागदपत्रांवरून ठरली. पाचव्या जागेला दोन नावं आहेत. एक आजोबांचे दादा आणि दुसरा एक बिनतारी संदेशवाला, त्याची म्हातारी बहीण अजून आहे. एकाच आठवड्यात एकाच तळावरची दोन विमानं गेली होती. धरणात पडलं ते वेलिंग्टन, दोन इंजिनांचं, जुनं. दुसरं लिबरेटर, चार इंजिनांचं, नवं कोरं. ते समुद्रात गेलं, त्यातल्या कोणाचं नखही मिळालं नाही. कोण कुठल्या विमानात होतं त्याची वही जळाली. दादांनी शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, 'सोबत माझ्या विमानाचा फोटो.' म्हणजे फोटोतलं विमान वेलिंग्टन निघालं तर धरणातला पाचवा माणूस दादा. लिबरेटर निघालं तर दादा समुद्रात, आणि आजोबांच्या हाताला काहीच नाही.

"मी ओळखतो," मी म्हणालो.

आजोबांनी मान वळवून कडेने माझ्याकडे पाहिलं. "फोटो हातात तरी घे आधी," म्हणाले.

मी हे करणार. तुझ्यासाठी नाही. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

चालणार नाही, पण चालेल.

२७ फेब्रुवारी

उत्तर नाही. ठीक.

फोनबद्दल रागावू नकोस. तुझी मैत्रीण म्हणाली, "ती नाहीये." मागून तुझा आवाज आला, "सांग, नाहीये म्हणून." मग मी पुन्हा लावला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा तुमच्या रेक्टरबाई आल्या आणि त्यांनी माझा उद्धार केला. पाऊण तास मी त्या फोनपाशी उभा होतो. परत येऊन पाहतो तर... जाऊ दे. स्टुडिओतली कामं खोळंबली होती, एवढंच.

चांगली बातमी ऐक. दादांचा फोटो काल त्या सरकारी पत्रातल्या ऑफिसला रवाना झाला. मूळ नाही, मी केलेली मोठी प्रत. काय झालाय म्हणून सांगू! बुरशीचे ठिपके, घडीची रेघ, वर एक कसलासा दाणेदारपणा होता तो, सगळं साफ. तीन दिवस ब्लेड चालवत होतो. दादांच्या टोपीवरचं बक्कल लखलखतंय. विमान तर आत्ता धुऊन पुसून उभं केल्यासारखं. हसाजरांनी प्रत उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाले, "बरंय." त्यांच्या तोंडून 'बरंय' म्हणजे दुसऱ्याने गळ्यात पडल्यासारखं.

आजोबांना प्रत दाखवली. म्हणजे हातात दिली. त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला.

"गुळगुळीत आहे," म्हणाले.

"नवा कागद आहे ना."

"आमचा कुठे आहे?"

"कपाटात. सुखरूप."

मूळ फोटो आमच्या कपाटात सुखरूप आहे. तू त्यांना त्याबद्दल विचारू नकोस, उगीच काळजी करतील.

ऑफिसात विमानं ओळखणारी तज्ज्ञ माणसं आहेत म्हणे. एवढ्या स्वच्छ फोटोवरून त्यांना दोन मिनिटांत कळेल. दगडावर नाव लागेल तेव्हा तू येशील ना? घरचं माणूस म्हणून यावंच लागेल तुला. मी लांब उभा राहीन.

१९ मार्च

ऑफिसचं उत्तर आलं. शब्द जसेच्या तसे लिहितो: 'छायाचित्रातील विमानाचा पृष्ठभाग सपाट धातूच्या पत्र्याचा दिसतो. सबब ते वेलिंग्टन नसून लिबरेटर असण्याचा संभव अधिक. मूळ छायाचित्र, अथवा मूळ छायाचित्र जवळून पाहिलेल्या व्यक्तीचे प्रतिज्ञापत्र, २० एप्रिलपर्यंत सादर केल्यास फेरविचार होईल. दोन्ही दावे कायम राहिल्यास दगडावर चारच नावे कोरली जातील. एक दावा मागे घेतल्यास दुसरे नाव कोरले जाईल.'

मी आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सपाट. हं." आणि चहाचा कप चाचपायला लागले. मी उठून तो त्यांच्या हातात दिला, तर म्हणाले, "मिळाला असता मला."

मी तिथून तडक रद्दीवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे युद्धकाळातलं एक छोटं पुस्तक पाहिल्याचं आठवत होतं, पहारेकऱ्यांना विमानं ओळखायला शिकवणारं. अख्खा ढीग उपसला. तो म्हणाला, "भाऊ, घर बांधायचंय का इथे?" पुस्तक सापडलं. वेलिंग्टनच्या पानावर मी उभ्या उभ्या गार पडलो.

वेलिंग्टनला पत्रा नसतो. धातूच्या पट्ट्यांची तिरपी जाळी विणलेली असते, टोपली विणतात तशी, आणि तिच्यावर कापड ताणलेलं. ऊन तिरपं पडलं की कापडातून ती जाळी उठून दिसते. सगळ्या अंगावर तिरपी चौकडी.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे तुला कळेल मी काय केलंय. त्या काळातले काही स्टुडिओ दाणेदार कागद वापरायचे. कागदावरच बारीक तिरपी चौकडी उठवलेली असते. हातात छान दिसते, पण फोटोचा फोटो काढला की ती जाळं पसरल्यासारखी वर येते, कपाळावर, गालावर, सगळीकडे. गिऱ्हाईक म्हणतं, आमच्या मामांना देवी आल्या होत्या का? म्हणून चौकडी दिसली की आधी ती घालवायची. मला पहिल्या दिवशी शिकवलेला हा पहिला धडा.

दादांच्या फोटोत मला चौकडी दिसली. मी ती घालवली.

'कसलासा दाणेदारपणा' असं मी तुला लिहिलं होतं. तो हा.

माणसाला कळायला नको का, म्हणशील, कागदाची नक्षी कुठली आणि विमानाची जाळी कुठली? फोटो तळहाताएवढा, विमान दादांच्या मागे चांगलं वीस-पंचवीस पावलांवर. दोन्ही सारख्याच बारीक दिसणार. फरक एकच. कागदाची चौकडी असेल तर ती सगळ्या फोटोभर असणार, दादांच्या चेहऱ्यावरसुद्धा. विमानाची असेल तर फक्त विमानावर.

चेहऱ्यावर चौकडी होती का?

मला आठवत नाही. मी सवयीने चेहऱ्यापासून सुरुवात करतो. हात चालत असतो, डोकं भलतीकडे असतं. कुठे असतं ते विचारू नकोस.

तू त्या कपाटासमोर लहानाची मोठी झालीस. त्या काचेत बघून वेण्या घातल्यास. तुझे वडील आणि काका त्या फोटोकडे कधी बघत नसत, हे आजोबाच म्हणाले; त्यांना स्वतःला एवढं बारीक काही आठवत नाही. तू बघायचीस. एक शब्द लिही. होती, किंवा नव्हती. मी पुन्हा काही मागणार नाही.

मूळ फोटो बघ ना, असं म्हणशील. बघणारच आहे. कपाटाची किल्ली मालकांकडे आहे आणि ते बाहेरगावी गेलेत.

२ एप्रिल

मालक कुठेही गेलेले नाहीत. मूळ फोटो नाही.

खोटं लिहिताना माझं अक्षर चांगलं येतं, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तू म्हणायचीसच.

झालं असं. प्रत तयार झाल्यावर मला वाटलं, पुठ्ठ्याला चिकटलेल्या बाजूवर दादांनी काहीतरी लिहिलं असेल. तारीख, तळ, कदाचित विमानाचं नाव. एका ओळीत सगळा निकाल. मालकांना विचारलं. ते म्हणाले, "गार पाण्यात दहा मिनिटं, समोर उभं राहून. पुठ्ठा सुटला की लगेच बाहेर." मी कोमट पाणी घेतलं, लवकर सुटावा म्हणून. मग वाटलं, दहा मिनिटं आहेत, तेवढ्यात तुला एक फोन करावा.

पाऊण तास. तो फोन.

परत आलो तर दादा पाण्यावर तरंगत होते. फोटोचा थर कागदापासून सुटून वर आला होता, दुधावरची साय येते तसा. मी उचलायला गेलो, तर बोटांना गुंडाळला गेला. बोट झटकलं, तर फाटला. अजून प्रयत्न केला, तर चोळामोळा. पुढचं लिहीत नाही.

खाली कागद राहिला. त्याच्यावर नक्षी आहे का, हे मालकांनी भिंगाने पाहिलं. कागद फुगून भिजल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता. "ह्याच्यावर काही उठवलेलं असलं, तरी आता बसलं," म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी उलट ओरडलो असतो, बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, "एका फोटोची एकच निगेटिव्ह काढतो आपण. तो नियम मी केला. चुकला," आणि गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेले. आतून ऐकू आलं, "हसा जरा."

त्या एकाच निगेटिव्हवर मी आठ दिवस भिंग लावून बसलोय. सगळीकडे माझीच पेन्सिल. विमानावरही आणि कपाळावरही. कपाळावर पेन्सिल आहे म्हणजे तिथे चौकडी होती, असंही म्हणता येत नाही, कारण कपाळावर बुरशी होती, ती मला पक्की आठवते. माझीच सफाई माझ्याकडे बघतेय. दुसऱ्या कोणी हे काम केलं असतं तर कुठे ना कुठे एखादा कोपरा राहिला असता. मी ठेवला नाही.

एकदा रात्री जागा झालो आणि चेहरा स्पष्ट दिसला. चौकडी नव्हती. गुळगुळीत गाल, हनुवटीला खळी. आनंदाने उठून बसलो. मग लक्षात आलं, तो माझ्या प्रतीतला चेहरा होता.

आजोबांना अजून काही सांगितलेलं नाही. रोज ठरवतो. रोज जातो, त्यांच्या डोळ्यांत थेंब घालतो, पेपर वाचून दाखवतो आणि परत येतो. ते विचारतात, "फोटो कधी देतोस?" मी म्हणतो, "मालक देतील." दगडावर तीन आठवड्यांनी नावं जाणार आणि मी तुझ्या एका शब्दाची वाट बघतोय. लिही ना ग. शिव्या दे, पण त्यांच्या शेवटी तेवढं लिही.

१५ एप्रिल

तुझं पत्र मिळालं. दहा महिन्यांनी तुझं अक्षर बघितलं. पाकीट फोडायला मला अर्धा तास लागला, हे मी लिहिणार नव्हतो.

'चौकडी आठवते. मी लहानपणी काचेवरून बोटाने तिच्यात फुली-गोळा खेळायचे. चेहरा आठवत नाही. आठवायला गेले तर तुझ्या पत्रात वाचलेलंच डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे आता माझ्या सांगण्याला काही अर्थ उरलेला नाही. आजोबांना सांगितलंस का? नसशील तर आधी ते कर. हॉस्टेलवर फोन करू नकोस.'

एवढंच. सव्वीस वेळा वाचलं असेल. तू बरोबर आहेस. प्रश्न विचारण्याच्या घाईत मी उत्तरही साफ करून टाकलं.

काल सकाळी गेलो. आजोबा ओट्यापाशी स्टोव्हची पिन हातानेच शोधत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, कोमट पाण्यापासून सायीपर्यंत. फोन कोणाला केला होता, तेही. संपल्यावर म्हणाले, "स्टूल फेकणारा तूच ना?"

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. फोटो हातात घ्यायच्या आधी म्हणालास, मी ओळखतो. आमच्या घरात तुझं वर्णन झालेलं आहे, बाबा."

मी वाट बघत होतो की आता काठी उचलतील. ते म्हणाले, "मागे काही लिहिलेलं होतं का? ज्याच्यासाठी एवढं केलंस."

होतं. तुलाही सांगितलेलं नाही. ओला कागद उलटा केला तेव्हा पेन्सिलीची एक ओळ होती. मी त्यांना सांगितली: "छोट्या, बूट पाठव, इथले चावतात. नऊ नंबर."

आजोबांचा हात ओट्यावर थांबला.

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं.

"वडिलांनी आल्या दिवशीच चिकटवला होता रे तो. खळ करून. मी खळ ढवळत होतो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "आम्हाला वाटलं, मागे कोरा आहे. बूट कोणी पाठवलेच नाहीत त्याला."

मी म्हणालो, "आजोबा, मी प्रतिज्ञापत्र लिहितो. चौकडी फक्त विमानावर होती, चेहऱ्यावर नव्हती. मूळ फोटो जवळून पाहिलेला मी एकटा आहे. मला खोटं ठरवायला कोण येणार आहे?"

"चेहऱ्यावर नव्हती?"

"नसणारच. तुमच्या नातीनेही चौकडी पाहिलीय."

"नसणार, असं नाही विचारलं. नव्हती का?"

"आजोबा, पंचवीस वर्षांचा माणूस गेला तुमचा! तिकडे एक दगड..."

"बावीस. आणि ओरडू नकोस, डोळे गेलेत, कान आहेत. नव्हती का? एक शब्द."

तू मला ओळखतेस. माझ्या तोंडातून 'माहीत नाही' कधी निघालंय? परीक्षेतसुद्धा मी रिकामी जागा सोडली नाही कधी. मी तोंड उघडलं, 'नव्हती' म्हणायलाच उघडलं होतं. ते मान वळवून कडेने माझ्याकडे बघत होते.

"आठवत नाही," मी म्हणालो.

"झालं तर मग."

"पण असं कसं? अर्धी शक्यता तर..."

"पंपाचा दांडा सुताने चुकला तरी चुकतो. अर्धा बरोबर आहे म्हणून पाणी वर चढत नाही." त्यांनी खुर्ची चाचपली, बसले. "त्या दुसऱ्याची बहीण आहे ना? तिच्याकडे फोटो नाही?"

"काहीच नाही."

"आम्ही दोघं अडून बसलो, तर जागा कोरी राहील. कागद घे. दावा मागे घेतो म्हणून लिही. अक्षर नीट काढ."

"आणि तिथे खरंच तुमचे दादा असले तर? दुसऱ्याच्या नावाखाली?"

"तर काय," आजोबा म्हणाले. "तो काही उठून सांगणार नाही."

मी लिहिलं. तीन ओळींचा मजकूर, तीन कागद वाया गेले. सही करताना त्यांनी माझं बोट मागितलं, कुठून सुरू करायची ते कळायला. मी बोट ठेवलं. त्यांनी बोटावरूनच सही सुरू केली, शाई अजून आहे.

१० मे

हे शेवटचं. तुला उत्तर द्यावं लागू नये अशा बेताने लिहितोय, एकही प्रश्न नाही यात.

आजोबांच्या डोळ्यांत थेंब सकाळी आठला आणि रात्री नऊला घालायचे असतात. तुझे काका सकाळचे विसरतात. सकाळचे मी घालतो. नेहमी मी असेन असं नाही, म्हणून तुला माहीत असावं. पेपरमधल्या मृत्यूच्या बातम्या त्यांना आधी वाचून हव्या असतात, मग बाकीच्या.

स्टुडिओत मी आहे. पण रिटचिंगला बसत नाही, पावत्या फाडतो, दिवे धरतो. हसाजरांनी दोनदा निगेटिव्ह पुढे ठेवली, दोनदा मी उठून गेलो. तिसऱ्यांदा ठेवली नाही. "राख विझली वाटतं," म्हणाले. मी पुढची पावती फाडली.

एक कबूल करायचं राहिलं. तुला तो प्रश्न विचारताना मला काय हवं होतं, आजोबांसाठी उत्तर की माझ्यासाठी तुझं पत्र, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. पत्र. उत्तर आलं असतं तर उत्तम, पण पत्र. आजोबांना मी आधी सांगितलं असतं तर काही वेगळं झालं असतं असंही नाही, फोटो फेब्रुवारीतच गेला होता. तरीही ते सगळे आठवडे मी त्यांच्याकडून चोरले, तुझ्या अक्षरासाठी. तू भांडणाच्या दिवशी जे म्हणाली होतीस ते मला आत्ता कुठे कळलं. कळून उपयोग नाही, तू सोडून दिलंयस. मीही देईन. जमत नाहीये, पण देईन.

दगड बसला. पाचवं नाव त्या बिनतारीवाल्याचं लागलं. पेपरमध्ये चार ओळींची बातमी होती, आजोबांना मी ती वाचली. त्यांनी नाव पुन्हा वाचायला सांगितलं आणि स्वतःशी एकदा म्हणून पाहिलं. नावाचा उच्चार त्यांना नीट जमेना.

परवा ऑफिसची पोच आली. तीही वाचून दाखवली: 'आपण दावा मागे घेतल्याची नोंद घेण्यात आली आहे. प्रकरण बंद करण्यात येत आहे.'

"खाली सही कोणाची आहे?" आजोबांनी विचारलं.

मी कागद उजेडात धरून बघितला.

"सही नाही," म्हटलं. "शिक्का आहे नुसता."